कौशल्याच्या वर्गाला वरचे दार आहे का?

पदवी हातात पडल्यावर पहिल्या वर्षभरात आपल्यापैकी बहुतेकांना एक सल्ला हमखास मिळतो. ‘नुसत्या बीएला आता कोण विचारतो? एखादा स्किलचा कोर्स करून टाक.’ सल्ला देणारा कधी कॉलेजातला प्लेसमेंटवाला असतो, कधी गावातला पुढारी, कधी आपलाच मामा. त्याचे म्हणणे हवेतले नसते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या घरात होते. घरातला पहिलाच पदवीधर या आकड्यात सापडतो तेव्हा त्याच्या पाठीशी वडिलांचे दुकान नसते आणि काकांची ओळखही नसते. दोन-तीन वर्षे थांबून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणे सगळ्यांना परवडत नाही. मग तो कोर्सला जातो.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आणि माझ्या संशोधनाचा विषय हेच कोर्स आहेत. गेली दोन वर्षे मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आणि हैदराबादच्या कडेच्या एका वस्तीत मी अशा वर्गांच्या मागच्या बाकावर बसते आहे. या अभ्यासातून माझे एक मत बनले आहे. वर्गात काय शिकवतात याला महत्त्व आहेच, पण त्या वर्गातून पुढे कुठे जाता येते यावर वर्गाची खरी किंमत ठरते. हे पुढचे दार आपल्या मुलामुलींसाठी बहुतेक वेळा बंद असते. आणि तिथे दार असायला हवे, हे कुणी सांगितलेले नसल्यामुळे आपण ते मागतही नाही.

नाव एक, व्यवस्था दोन

कम्युनिटी कॉलेज हे नाव अमेरिकेतून आले. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये तिथले पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघाले. घराजवळ, कमी फीमध्ये दोन वर्षे शिका, मग हवे तर कामाला लागा, हवे तर विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करा, अशी त्यामागची कल्पना. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये या नावाचे कॉलेज सुरू केले. तमिळनाडूतल्या काही संस्थांनी ते काम वाढवले. २०१३ मध्ये यूजीसीने देशभरातल्या कॉलेजांसाठी कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि पाठोपाठ बी.व्होक. ही पदवी आली. बी.व्होक.मध्ये अभ्यासक्रमाचा ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा असतो. एका वर्षानंतर डिप्लोमा, दोन वर्षांनंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी. घरच्या अडचणीमुळे मधेच सोडावे लागले तरी हात रिकामे राहू नयेत आणि परत यायची वाट मोकळी असावी, हा त्यामागचा हेतू.

दुसरी व्यवस्था छोट्या कोर्सांची. मुंबईत वरळीला १९६७ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी श्रमिक विद्यापीठ निघाले. त्या नमुन्यावर देशभर उभ्या राहिलेल्या संस्थांना २००० पासून जन शिक्षण संस्थान म्हणतात. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली आणि तालुक्या-तालुक्यात, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, बंद पडलेल्या इंग्लिश स्कूलच्या इमारतीत स्किल सेंटरच्या पाट्या लागल्या. काही शे तासांचा कोर्स, फी नाही, बायोमेट्रिक हजेरी, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी कौशल्यच दिसते. पण पहिल्या व्यवस्थेत निदान कागदावर तरी एक जिना आहे. दुसरीत खोली आहे, जिना नाही. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथल्या मुलामुलींपर्यंत पोहोचते ती ही दुसरी व्यवस्था.

कौशल्य आपल्याला परके नाही

‘आपल्या पोरांना हाताची कामे शिकवून पुन्हा खालीच ठेवायचे आहे, म्हणून या कोर्सांवर बहिष्कार टाका’ असे काही मित्र म्हणतात. त्यांचा राग मला समजतो, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. कामकऱ्यांचे शिक्षण ही आपल्याच चळवळीची परंपरा आहे. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शिकायचे असेल तर शाळेने वेळ बदलावी, हा विचार इथे तेव्हाच रुजला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तिथेही नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले.

याहून महत्त्वाचा दाखला १९४२ चा आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घ्यावे, अशी मागणी होती. आज आपण ज्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीवर शिकतो ती १९४४ पासूनची, याच प्रयत्नांच्या ओघातली. बाबासाहेबांनी कोणती कामे निवडली ते पाहा. छापखाना आणि रेल्वे वर्कशॉप ही त्या काळातली नवी, यंत्राची, पगारी, सरकारी कामे. आपल्या बापजाद्यांना जातीने वाटून दिलेल्या कामांपैकी त्यात एकही नव्हते. आणि तंत्रशिक्षणाच्या जोडीला त्यांना उच्च शिक्षण हवे होते, त्याच्या बदल्यात नव्हे.

माझे वडील आयटीआयचे वायरमन. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी राखीव जागेवर दोन वर्षांचा ट्रेड केला, मग अ‍ॅप्रेंटिसशिप केली, मग वीज मंडळात लागले. खांबावर चढणाऱ्या माणसाच्या पगारातून आमच्या घरात पुस्तके आली आणि मी एम.ए. झाले. त्यामुळे हाताच्या कौशल्याला कमी लेखणारी चर्चा मला सहन होत नाही. पण वडिलांच्या यशामागे एकटे कौशल्य नव्हते. राखीव जागा होती. दोन वर्षांचा भरपूर वेळ होता. कायद्याने दिलेली अ‍ॅप्रेंटिसशिप होती. आणि सगळ्यात शेवटी एक सरकारी मालक होता, ज्याला आरक्षणाचा नियम पाळावा लागत होता. हातात पक्कड आली ती या चार गोष्टींसोबत. आज आपल्या हातात नुसती पक्कड दिली जाते.

आयटीआयला आजही वरचे दार आहे, हेही सांगून ठेवते. महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वायरमनचा मुलगाच काय, खुद्द वायरमनही इंजिनियर होऊ शकतो. वाट लांब आहे, पण आहे.

मागच्या बाकावरून दिसलेले

छोट्या कोर्साची सुरुवात वर्गात होत नाही, ती वस्तीत होते. सेंटरचा एक माणूस असतो, त्याला मोबिलायझर म्हणतात. तो गल्लीगल्लीत फिरून बॅच भरतो. कोणत्या वस्तीत कोणता कोर्स ‘चालेल’ याचा त्याला अंदाज असतो. आमच्या तालुक्याच्या गावी बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात त्याने माहिती दिली ती रुग्ण सहाय्यक आणि सिक्युरिटी गार्डच्या कोर्सची. बाजारपेठेच्या बाजूला त्याच सेंटरची पत्रके होती टॅली आणि जीएसटीची. मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, ‘मॅडम, जिथे जे खपते तिथे तेच नेतो.’ त्याच्या मनात जातीबद्दल काही वाकडे असेल असे मला वाटत नाही. जातीने आधीच आखून ठेवलेल्या नकाशावर तो फक्त चालत होता.

बॅच भरायची घाई योजनेच्या हिशोबातच बसवलेली आहे. कौशल विकास योजनेच्या २०१६ ते २०२० या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के उमेदवार पास झाल्यावर आणि उरलेले २० टक्के नोकरी लागल्याचे दाखवल्यावर. म्हणजे १०० पैकी ८० रुपये मिळेपर्यंत मुलगी नोकरीला लागली की नाही याच्याशी संस्थेचा संबंध नव्हता. सेक्टर स्किल कौन्सिलांचा आढावा घेणाऱ्या शारदा प्रसाद समितीनेही नुसत्या आकड्यांच्या मागे धावण्यावर बोट ठेवले होते.

वर्ग मात्र वाईट नव्हते, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. रुग्ण सहाय्यकांच्या वर्गात वीस-बावीस बायका होत्या. बहुतेक जणी दहावी-बारावी झालेल्या, दोघी बीए. रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचे, बीपी कसे मोजायचे, हे त्या मन लावून शिकत होत्या. शिकवणारी ताई स्वतः जीएनएम झालेली, ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेली, शिकवण्यात पक्की. एके दिवशी एका मुलीने विचारले, ‘ताई, हा कोर्स झाल्यावर पुढे नर्स होता येते का?’ ताईने खरे ते सांगितले. नर्सिंगला जायचे तर बारावीच्या मार्कांवर पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागेल, या कोर्सचा एकही तास तिथे धरला जात नाही.

त्या मुलीने पुन्हा काही विचारले नाही. बॅच संपल्यावर ती एका खासगी दवाखान्यात कंत्राटदारामार्फत लागली. बारा तासांची पाळी. काम पाठ वळवण्याचे आणि बीपी मोजण्याचे कमी, बेडपॅन आणि फरशीचे जास्त. सर्टिफिकेटवर रुग्ण सहाय्यक लिहिलेले होते आणि वॉर्डात तिला सगळे ‘मावशी’ म्हणत होते. वय वर्षे बावीस.

बर्टन क्लार्क नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली होती. तिथे प्रवेश सगळ्यांना मिळायचा. विद्यापीठात जाण्याची आशा घेऊन मुले यायची. मग चाचण्या, समुपदेशन, ‘तुला हे जास्त जमेल’ असे प्रेमाने सांगणे, यातून बऱ्याच मुलांची आशा हळूहळू थंड केली जायची. कुणी दार आपटून बंद करत नव्हते. आपण आपल्या मर्जीनेच छोटा कोर्स निवडला असे मुलाला वाटावे, इतक्या हळुवारपणे सगळे व्हायचे. महत्त्वाकांक्षा थंड करण्याचे हे काम संस्था न बोलता करते, असे क्लार्कचे म्हणणे.

आपल्याकडे यात एक भर पडते. तिथे निदान चाचणी घेऊन सांगायचे. इथे मोबिलायझर वस्ती पाहून ठरवतो. आणि जिथे वर जायची व्यवस्थाच नाही, तिथे समुपदेशनाचीही गरज पडत नाही. एका प्रश्नात आशा थंड होते.

कोणते काम, आणि ते कोण ठरवणार

जातीने माणसाला कामात कधीही कौशल्याच्या अभावामुळे मागे ठेवले नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास याचा पुरावा आहे. गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या तोंडाचा धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. ते कमी पगाराच्या खात्यांत राहिले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. त्या कामगारांना तीन महिन्यांचा विणकामाचा कोर्स दिला असता तर प्रश्न सुटला असता का? माग चालवायला ते शिकलेही असते. तरीही खात्याच्या दारात ते अडलेच असते, कारण अडवणारी गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, इतरांच्या डोक्यात होती.

म्हणून कौशल्याची कोणतीही योजना आली की मी आधी बघते ती हे: काम कोण निवडतो? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना घ्या. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चर्मकार, टोपल्या-झाडू करणारे अशा १८ व्यवसायांसाठी ती आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. पन्नाशीच्या कारागिराला सावकाराकडे न जाता कर्ज मिळत असेल तर त्याने ते जरूर घ्यावे. पण योजनेच्या उद्दिष्टात गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेले कौशल्य जोपासण्याची भाषा आहे आणि वयाची किमान अट आहे फक्त १८ वर्षे. सरकार म्हणते, योजना ऐच्छिक आहे, जातीची अट नाही. खरे आहे. पण बारावी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलासमोर एका बाजूला कॉलेजची फी आणि दुसऱ्या बाजूला आजोबांच्या व्यवसायासाठी अवजारे आणि कर्ज ठेवले, तर ऐच्छिक या शब्दात किती इच्छा उरते?

तमिळनाडूने हा प्रश्न उघडपणे विचारला, कारण तिथल्या लोकांना एक जुनी आठवण आहे. १९५३ मध्ये राजाजींनी तेव्हाच्या मद्रास राज्यात प्राथमिक शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळेत मुलांनी आईबापांचे काम शिकावे अशी योजना आणली होती. द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून विरोध केला आणि १९५४ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी ती रद्द केली. विश्वकर्मा योजना आली तेव्हा तमिळनाडू सरकारने किमान वय ३५ करा आणि कुटुंबाच्या व्यवसायाची अट काढा असे सुचवले. ते मान्य न झाल्याने राज्याने ती योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला आणि २०२५ मध्ये स्वतःची, २५ व्यवसायांची, किमान वय ३५ असलेली योजना आणली. आकडा फक्त वयाचा आहे, पण त्यामागे मोठा विचार आहे. ३५ च्या माणसाने आपली वाट निवडलेली असते, त्याला मदत करा. १८ च्या मुलाची वाट अजून ठरायची आहे, तिच्यावर आजोबांचे नाव लिहू नका.

महाराष्ट्रात अशी चर्चा जवळजवळ झालीच नाही, याची मला खंत वाटते.

पलीकडे बसलेला माणूस

समजा कोर्स चांगला, काम आपल्या आवडीचे, सर्टिफिकेट हातात. आता मुलाखत. इथे येऊन ‘तुमच्यात स्किल नाही’ या वाक्याचा दुसरा अर्थ उलगडतो.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधा प्रयोग केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात: काही आडनावे उच्च जातीची, काही दलित, काही नावे मुस्लिम. दलित नावाच्या अर्जदाराला पुढे बोलावले जाण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जदाराची त्याहूनही बरीच कमी. अर्ज एकच, डिग्री एकच. इथे कोणते कौशल्य कमी पडले?

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. आम्ही फक्त मेरिट बघतो, असे ते सांगत होते. आणि त्याच दमात ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतो, असेही सांगत होते. वडील काय करतात, घर कुठे आहे, भावंडे काय शिकली. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला हा प्रश्न ऐकून घशाला कोरड का पडते, हे या लेखाच्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या कोर्सांमधला सॉफ्ट स्किलचा तास मी याच नजरेने पाहते. हसून बोला, डोळ्याला डोळा द्या, ‘माझे पप्पा सेल्फ एम्प्लॉइड आहेत’ असे सांगा. हैदराबादच्या सेंटरमध्ये ट्रेनर एका मुलाला हे वाक्य इंग्रजीत घोकून घ्यायला लावत होता. मुलाचे वडील महापालिकेच्या कंत्राटदाराकडे कचरागाडीवर होते. ट्रेनरचा हेतू मदतीचाच होता, मुलाला नोकरी लागावी म्हणूनच तो हे करत होता. पण त्या खोलीत शिकवले जात होते ते वडील लपवण्याचे कौशल्य. आणि मुलाखत घेणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये, हे शिकवणारा कोर्स देशात कुठे चालत असल्याचे मला आढळले नाही.

‘तुम्ही नोकरीलायक नाही’ असे आपल्याला सांगितले जाते तेव्हा दोष आपल्या अंगाला चिकटवला जातो. मग आपण एकामागून एक कोर्स करत राहतो. माझ्या अभ्यासात अशा मुली आहेत, ज्यांच्या फाइलमध्ये चार-चार सर्टिफिकेटे आहेत. प्रत्येक सर्टिफिकेट पहिल्या पायरीचे. एका पायरीवर चार वेळा उभे राहिले म्हणजे चार पायऱ्या चढल्या असे होत नाही.

मग करायचे काय

कोर्सला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचा किराणा हा प्रश्न आहे त्याला असे सांगणे हा उद्धटपणा होईल. जाताना काही प्रश्न मात्र विचारून जा. घरातल्या धाकट्यांसाठी, वस्तीतल्या मुलांसाठीही विचारा, कारण पहिला पदवीधर हा सगळ्या गल्लीचा चौकशी कक्ष असतो.

पहिला प्रश्न क्रेडिटचा. या कोर्सचे क्रेडिट पुढच्या डिप्लोमात किंवा पदवीत धरले जातील का, आणि कोणत्या विद्यापीठात? राष्ट्रीय शिक्षण धोरणाने क्रेडिट साठवून पुढे वापरण्याची भाषा केली आहे. ती भाषा या कोर्सला लागू आहे का, हे लेखी मागा. तोंडी ‘हो’ला काही किंमत नाही.

दुसरा, कोर्स कोणता हे कोण ठरवणार? सेंटरवर चालणाऱ्या सगळ्या कोर्सांची यादी मागा. आपल्या वस्तीत सांगितलेलीच यादी खरी धरू नका.

तिसरा, शिष्यवृत्ती, फी सवलत आणि राखीव जागा लागू आहेत का? विनाअनुदानित कोर्स असेल तर हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

चौथा, मागच्या बॅचमधले लोक आज कुठे आहेत? नोकरी ‘लागली’ हे सगळेच सांगतात. सहा महिन्यांनी टिकली का, पगार बँकेत येतो का, पीएफ कापला जातो का, हे त्या बॅचमधल्या दोघांना गाठून विचारा.

पाचवा प्रश्न अ‍ॅप्रेंटिसशिपचा, आणि याबद्दल आपल्यात फार कमी बोलले जाते. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्टमध्ये १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३अ आले. त्यानुसार नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत. २००७ च्या दुरुस्तीने ओबीसींसाठी ३ब आले. हा कायदा खासगी कारखान्यांनाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे की नको यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो, आणि खासगी क्षेत्राच्या उंबरठ्यावर, कायद्यात लिहिलेल्या या राखीव जागा कुणी मागतही नाही. याच कायद्यात अ‍ॅप्रेंटिसला कामगार मानलेले नाही, तो शिकाऊ असतो, हेही लक्षात ठेवा. म्हणून वर्षभर कामगाराचे काम करून घेऊन पुन्हा नवा अ‍ॅप्रेंटिस आणायची पळवाट मालकाला मिळते. राखीव जागा मागतानाच ही पळवाट बंद करायची मागणीही करावी लागेल. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी मागितलेली अ‍ॅप्रेंटिसशिप कायद्यात आली, ती वर्कशॉपपर्यंत नेण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे. आपल्या एमआयडीसीतल्या किती कारखान्यांनी ३अ पाळले, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासाठी दहा रुपये लागतात.

संघटनांसाठी एक मागणी सुचवते. प्रत्येक छोट्या कोर्सला त्याच्या वरचा कोर्स जोडलेला असलाच पाहिजे: रुग्ण सहाय्यकाला नर्सिंगकडे, शिलाईला गारमेंट टेक्नॉलॉजीच्या डिप्लोमाकडे, डेटा एंट्रीला संगणकाच्या पदवीकडे. आणि बी.व्होक.मधला तो ४० टक्के सामान्य शिक्षणाचा भाग छोट्या कोर्सातही आला पाहिजे, त्याच्या आकाराला शोभेल इतका. त्यात किमान वेतन, पीएफ, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा शिकवा. सॉफ्ट स्किलच्या तासाला डोळ्याला डोळा द्यायला शिकवतातच. पगाराची पावती मागताना तो द्यायलाही शिकवा.

तीन महिन्यांच्या कोर्सने जात मोडेल अशी माझी अपेक्षा नाही. पण जी बाई रुग्णाची पाठ न दुखवता त्याला वळवायला शिकली आहे, तिचे ते शिकणे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात मोजले जावे, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? कुठल्याही सेंटरच्या पाटीखाली उभे राहिलात तर आत काय शिकवतात हे विचाराच. त्याच्या आधी विचारा, इथून वर कुठे जाता येते? उत्तर मिळाले नाही तर तो प्रश्न तिथेच सोडू नका. लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि चार जणांना सोबत घेऊन पुन्हा जा.